‘बेस्ड ऑन’, ‘डिराइव्ह्ड फ्रॉम’, ‘कम्स फ्रॉम’... नक्की कुठे काय वापरायचं?

टॉवेलवाली

नमस्कार मंडळी. खूप दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा स्वतः धागा काढतेय कारण खरंच अडलंय. आमचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत घरचं छोटं युनिट आहे, टर्किश टॉवेल आणि जॅकार्ड (नक्षी विणणाऱ्या मागावरच्या) चादरी. सासरे लूम बघतात, नवरा बाहेरची धावपळ बघतो आणि मेल, कोटेशन, कॅटलॉग हे सगळं माझ्याकडे. शिक्षण मराठी मिडीयमचं, इंग्रजी वाचता येतं, लिहिता पण येतं, पण एखादी गोष्ट कशावरून आली, कशापासून झाली, कशाच्या आधारे ठरली हे लिहायची वेळ आली की माझा हात थांबतो.

झालं काय ते सांगते. मागच्या महिन्यात युरोपातल्या एका बायरला माहिती पाठवली, त्यात लिहिलं ‘अवर टॉवेल्स आर कॉटन बेस्ड’. माझ्या डोक्यात होतं की आमचा सगळा माल कॉटनवरच आहे, पॉलिस्टरचा एक दोरा नाही. चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं की कॉटनसोबत अजून काय काय मिक्स आहे आणि किती टक्के ते कळवा, आम्हाला प्युअर कॉटनच लागतं. मी तो मेल तीनदा वाचला, मग सासऱ्यांना सांगितला. ते काही बोलले नाहीत, नुसतं हातातला टॉवेल उलटा करून त्याच्या पाठीमागची वीण बघत बसले. चाळीस वर्षं या माणसाने कॉटनशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाही हो.

आता नवीन कॅटलॉग करायचाय आणि पहिल्या पानाचा मजकूर मी असा लिहिलाय:

‘सोलापूर इज डिराइव्ह्ड फ्रॉम सिक्स्टीन व्हिलेजेस. वुई आर कमिंग फ्रॉम वीव्हर्स फॅमिली. अवर डिझाइन्स आर ओरिजिनेटेड फ्रॉम माय हजबंड्स ग्रँडफादर. अवर रेट्स आर बेस्ड फ्रॉम यार्न.’

कुठे काय चुकलंय ते सांगा, आणि नुसतं दुरुस्त करून देऊ नका, का चुकलं ते पण सांगा म्हणजे पुढच्या वेळी मलाच कळेल.

कडक_भाकरी

ताई, बेस्ड फ्रॉम नाही, बेस्ड ऑन. एवढं आत्ता लगेच बदला, बाकीचं जाणकार सांगतीलच.

कॉटन बेस्डचं म्हणाल तर दुकानात वॉटर बेस्ड पेंट मिळतो बघा, तो काय नुसतं पाणी असतो का, पाणी मुख्य आणि त्यात बाकीचं सगळं कालवलेलं. तसंच त्या बायरला वाटलं असणार की कॉटन मुख्य आहे आणि आत अजून काहीतरी आहे. त्याचं काही चुकलं नाही.

मी हे असं लक्षात ठेवलंय. वस्तू हातात घेतल्यावर मूळ पदार्थ अजून दिसतो, तर मेड ऑफ. टॉवेल हातात घेतला की कॉटन कळतं. मूळ पदार्थ बदलून गेला असेल तर मेड फ्रॉम. भाकरी ज्वारीची, पण भाकरीत ज्वारीचा दाणा कुठे दिसतो, दळली, मळली, थापली, भाजली, वाळवून कडक केली, म्हणून मेड फ्रॉम ज्वारी. शेंगाचटणी पण मेड फ्रॉम.

मास्तर_निवृत्त

वरच्या उत्तरात थोडी भर. टॉवेलच्या लेबलवर मेड फ्रॉम आणि पुढे शंभर टक्के कॉटन असंही सर्रास छापतात आणि ते चूक नाही. ऑफ आणि फ्रॉमची सीमा काही भिंतीसारखी पक्की नाही. पण बेस्ड लिहिलं की अर्थ बदलतो, ते टाळा.

आता मूळ प्रश्न. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, सगळा काळ याच जिल्ह्यात, आणि आपल्या मुलांची ही अडचण मी रोज बघितली आहे. मुलं आधी इंग्रजी फ्रेझची यादी पाठ करायची, बेस्ड ऑन, डिराइव्ह्ड फ्रॉम, स्टेम्स फ्रॉम, ड्यू टू, आणि मग पेपरात त्यातलं एखादं उचलून कुठेही बसवायची. मी त्यांना उलट करायला लावायचो. आधी वाक्य मराठीत मोठ्याने म्हण आणि शब्दाच्या शेपटाला काय लागलंय ते कानाने ऐक.

‘आजोबांवरून नातवाचं नाव ठेवलं.’ इथे ‘वरून’ आलं, इंग्रजीत होतं नेम्ड आफ्टर. ‘बायरच्या सॅम्पलवरून टॉवेल केला.’ पुन्हा ‘वरून’च आहे पण आता होतं बेस्ड ऑन. ‘विणीवरून माल ओळखला.’ आता नुसतं बाय किंवा फ्रॉम. म्हणजे मराठीतलं एक ‘वरून’ आणि इंग्रजीत त्याचे तीन रस्ते, त्यामुळे माणूस बावचळतो आणि सगळीकडे फ्रॉम ठोकतो. ‘गैरसमजातून भांडण झालं’ असं ‘तून’ आलं की स्टेम्ड फ्रॉम किंवा अरोज फ्रॉम, आणि स्टेम हे बहुतेक वेळा अडचण, सवय, भीती, वाद असल्या न दिसणाऱ्या गोष्टींना लावतात, टॉवेल काही स्टेम होत नाही. ‘पावसामुळे गाडी उशिरा आली’ तिथे ड्यू टू किंवा बिकॉज ऑफ.

पण शेपूट ऐकलं तरी एक प्रश्न राहतोच, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण उगम सांगतोय की आधार? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इंग्रजी त्यांना वेगळं ठेवतं. मी परीक्षा अशी करायला सांगायचो: मूळ गोष्ट आज काढून घेतली तर ही उभी राहील का? तुमचे रेट घ्या. उद्या सूत महागलं की रेट हलणार, म्हणजे रेट अजून सुतावर उभा आहे, तो आधार झाला, बेस्ड ऑन यार्न प्राइसेस. आता ‘चादर’ हा शब्द घ्या. तो फारसीतून आला. उद्या इराणात कुणी तो शब्द उच्चारला नाही तरी सोलापुरात चादर ही चादरच राहणार. शब्द तिकडून निघाला आणि इथे येऊन आपल्या पायावर उभा राहिला, तो उगम झाला, कम्स फ्रॉम पर्शियन. तिथे बेस्ड ऑन पर्शियन लिहिलं तर ते चूकच.

आणि ‘वुई आर कमिंग फ्रॉम’ म्हणजे आत्ता गाडीत बसून येतोय. घराणं सांगायचं तर साधा वर्तमानकाळ, वुई कम फ्रॉम अ फॅमिली ऑफ वीव्हर्स.

सुताचा_काउंट

सर, ती काढून घ्यायची परीक्षा मी आजच ऑफिसातल्या पोरांना सांगितली, लगेच कळलं त्यांना.

मी डायिंगमध्ये, म्हणजे सूत रंगवण्याच्या कामात आहे, मला रोज लागतं ते ऑन बेसिस. आमच्याकडे सगळेच लिहितात ‘प्लीज डू ऑन अर्जंट बेसिस’, ‘पेमेंट ऑन डेली बेसिस’. एका बायरने मला सांगितलं की मध्ये अ पाहिजे, ऑन अ डेली बेसिस, आणि अर्जंटला नुसतं अर्जंटली लिहिलं तरी पुरतं. हे बरोबर आहे का?

मास्तर_निवृत्त

बरोबर आहे. ऑन अ डेली बेसिस, ऑन अॅन अर्जंट बेसिस. आणि जिथे एका शब्दात काम होतं तिथे बेसिस आणूच नका, डेली, अर्जंटली, झालं.

स्पर्धा_परीक्षा_चालू

सर मी दोन वर्षं अभ्यास करायलोय, मला अजून एक सांगा. ‘द फिल्म बेसेस ऑन ट्रू स्टोरी’ असं मी मॉक टेस्टमध्ये लिहिलं आणि मार्क गेले. डिराइव्हला तर दोन्ही चालतं म्हणतात, डिराइव्हज फ्रॉम पण आणि इज डिराइव्ह्ड फ्रॉम पण. मग बेसला का नाही चालत?

मास्तर_निवृत्त

बाळा, बेसला करणारा माणूस लागतो. दिग्दर्शक सिनेमा कशावर तरी बेस करतो, सिनेमा आपण होऊन बेस होत नाही, म्हणून सिनेमा पुढे आला की इज बेस्ड ऑन. डिराइव्हला दोन्ही रूपं रूढ आहेत, तू म्हणतोस ते खरं. आणि ओरिजिनेट हे बेसच्या बरोबर उलट, तिथे वस्तू स्वतःच उगम पावते, म्हणून वरच्या ताईंचं ‘आर ओरिजिनेटेड’ चुकलं, नुसतं ओरिजिनेटेड पाहिजे.

उदाहरण आपल्याच गावचं लक्षात ठेव. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, तू बघितलं असशीलच. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक, आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली सिनेमा काढला, तो ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेला होता. म्हणजे ‘द फिल्म इज बेस्ड ऑन अ बुक’, आणि पुस्तक ‘इज बेस्ड ऑन द लाइफ ऑफ डॉक्टर कोटणीस’. जिथे नुसती प्रेरणा घेतली, घटना आणि माणसं आपल्या मनाने रचली, तिथे इन्स्पायर्ड बाय. हे दोन्ही एक नाहीत. बेस्ड म्हटलं की मूळ घटनेशी इमान राखल्याचा दावा आला.

उजनी_कालवा

मी शेतकरी माणूस, इंग्रजीत माझं फार डोकं नाही पण हा धागा वाचतोय. डिराइव्ह म्हणजे नक्की काय हो सर? बाकीचे शब्द कळतात. रूटेड म्हणजे मुळाशी, स्टेम म्हणजे खोड, बेस म्हणजे पाया, हे डोळ्यापुढे येतं. डिराइव्ह कशावरून आला?

मास्तर_निवृत्त

तुम्हीच विचारलंत याचा फार आनंद झाला, कारण तो शब्द तुमच्याच कामाचा आहे. लॅटिनमध्ये रिव्हुस म्हणजे ओढा, आणि त्यावरून झालेलं क्रियापद म्हणजे ओढ्याचं पाणी वळवून नेणं. थोडक्यात पाट काढणं. म्हणून डिराइव्ह्ड फ्रॉम म्हटलं की मूळ प्रवाह एकीकडे आणि त्यातून कुणीतरी काढून नेलेला फाटा दुसरीकडे. त्याच ओढ्यावरून रायव्हल शब्द आला, एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे दोन शेजारी.

उजनी_कालवा

हे तर आमच्या बांधावरचंच झालं की सर. पाणी सुटलं की खालचा आणि वरचा, दोघांची तोंडं वाकडी. आता हा शब्द मी मरेपर्यंत विसरत नाही. पाट काढला की पाणी नदीचं, पण रान कुणाचं भिजलं ते महत्त्वाचं, म्हणजे डिराइव्ह्डमध्ये मुळाचं पाणी अजून वाहतंय असं धरायचं ना?

मास्तर_निवृत्त

हो. मुळातलं काहीतरी फाट्यात उतरलेलं असतं. म्हणून शब्द, औषध, गणितातलं सूत्र, उत्पन्न, समाधान यांना डिराइव्ह शोभतं.

शिलालेख_वाचक

ताईंच्या पहिल्याच वाक्याबद्दल बोलायचंय, आणि जरा सविस्तर, कारण हे आपल्या गावाच्या नावाचं आहे आणि कॅटलॉग परदेशात जाणार आहे.

आधी व्याकरण. ‘सोलापूर इज डिराइव्ह्ड फ्रॉम सिक्स्टीन व्हिलेजेस’ म्हटलं तर गावच सोळा गावांतून काढलं असा अर्थ होतो, तुम्हाला नाव म्हणायचंय, तर ‘द नेम सोलापूर’ असं पाहिजे.

पण खरा मुद्दा पुढे आहे. सोळा गावांचं सोलापूर ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो, आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फतेहपूर, खादरपूर, सोनापूर अशी ती नावंही सांगतात. पण शिलालेख वेगळं सांगतात. कल्याणीच्या कलचुरींच्या काळात, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या काळात, बाराव्या शतकात, या गावाचं नाव सोन्नलगे असं येतं, पुढे त्याचं सोन्नलगी झालं आणि यादवांच्या शेवटापर्यंत तेच चाललं. मोहोळ तालुक्यातल्या कामतीला शके १२३८ चा संस्कृत लेख सापडला, त्यात सोनलीपूर आहे. किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर, तिथल्याच विहिरीवरच्या लेखात संदलपूर. मग सोलापूर, आणि इंग्रजांच्या तोंडी शोलापूर. आता सोनलपूरमधला एक न गळाला की सोलापूर उरतं, त्याला सोळा गावं लागतच नाहीत. जिल्हा गॅझेटियरनेही सोळा गावांची गोष्ट सांगून पुढे हे शिलालेखांचं दिलंय.

म्हणून माझं म्हणणं असं की फ्रेझ निवडताना उगम की आधार हे तर बघाच, पण ती गोष्ट किती पक्की आहे हेही त्या फ्रेझमध्येच सांगावं लागतं. ‘डिराइव्हज फ्रॉम’ लिहिलं की तुम्ही छातीवर हात ठेवून सांगताय. ऐकीव असेल तर ‘इज सेड टू कम फ्रॉम’, लोक मानतात असं असेल तर ‘इज ट्रॅडिशनली बिलीव्ह्ड टू’. कर्त्याबद्दल खात्री नसेल तर ‘अॅट्रिब्युटेड टू’. आणि पुरावा पकडत पकडत मागे जाता येत असेल तर ‘कॅन बी ट्रेस्ड बॅक टू’. सोलापूरच्या नावाला मी हेच लिहीन, कॅन बी ट्रेस्ड बॅक टू सोन्नलगे, कारण लेख हातात आहेत, एकेक पायरी दाखवता येते.

टॉवेलवाली

बापरे, मला हे माहीतच नव्हतं. शाळेत सोळा गावंच शिकले. दोन्ही लिहू का मग, सोळा गावांची गोष्ट ऐकीव म्हणून आणि शिलालेखातलं पक्कं म्हणून?

शिलालेख_वाचक

जरूर लिहा. ऐकीव गोष्ट पण आपलीच आहे, फक्त तिला ऐकीव म्हणा.

हत्तूरे_वस्ती

आमच्या घरात कन्नड बोलतात. हा सगळा घोळ माझ्या बायकोला समजावत होतो तेव्हा जाणवलं की कन्नडमध्ये एका ‘इंद’वर सगळं भागतं. कापसापासून म्हणजे हत्तियिंद, त्यामुळे म्हणजे अदरिंद, सोलापूरहून म्हणजे सोलापुरदिंद. म्हणून आम्ही इंग्रजी बोलताना सगळीकडे फ्रॉम येतं तोंडात, आणि मराठी बोलतानाही कधी कधी पासून आणि मुळे यांची अदलाबदल होते, लहानपणी शाळेत त्यावरून हसायची पोरं. आज कारण कळलं.

पूर्व_भाग

आमच्या तेलुगूत वेगळंय बघ. कुठून आलं ते ‘नुंची’, कशामुळे झालं ते ‘वल्ल’. त्यामुळे फ्रॉम आणि बिकॉज ऑफ यात आमची गल्लत कमी होते, पण बेस्ड ऑनला आम्ही पण अडखळतो. का बे, एकाच गावात तीन भाषा आणि तिघांच्या चुका वेगळ्या, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

निर्यात_कागदपत्रं

ताई, तुमच्या धंद्याशी थेट संबंध आहे म्हणून लिहितोय, मी एक्स्पोर्टचे कागद करतो.

ओरिजिन हा शब्द आपल्या लाइनमध्ये फार जपून वापरायचा. माल न्हावाशेवाहून जहाजावर चढतो म्हणून तो तिथून ओरिजिनेट होत नाही, तिथून तो फक्त शिप होतो. शिप्ड फ्रॉम वेगळं आणि ओरिजिनेटिंग इन वेगळं. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन मागतात तेव्हा त्यांना माल कुठे तयार झाला ते पाहिजे असतं, बंदर नाही. वाटेत दुसऱ्या देशात कंटेनर उतरवून परत चढवला तरी ओरिजिन बदलत नाही. नवीन पोरं मेलमध्ये ‘गुड्स ओरिजिनेट फ्रॉम मुंबई पोर्ट’ लिहितात आणि मग समोरचा चार प्रश्न विचारतो.

दुसरं, आपल्या सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे हे तुम्हाला माहीतच असेल. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात बाविसाव्या कलमात जीआयची व्याख्या आहे, त्यात म्हटलंय की माल एखाद्या मुलखात ‘ओरिजिनेटिंग इन’ असला पाहिजे आणि त्याचा दर्जा, नावलौकिक किंवा दुसरा एखादा गुण हा ‘इसेन्शियली अॅट्रिब्युटेबल टू इट्स जिऑग्राफिकल ओरिजिन’ असला पाहिजे. प्रत्येक शब्द बघा. ओरिजिनेटिंग इन म्हणजे माल त्या मुलखातला. अॅट्रिब्युटेबल टू म्हणजे त्याच्या गुणाचं श्रेय त्या मुलखाला. चादर सोलापुरात विणली ही एक गोष्ट, आणि चादरीचं नाव झालं ते सोलापूरमुळे ही दुसरी. कायद्याला दोन्ही लागतात म्हणून दोन वेगळ्या फ्रेझ. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आपल्या विणकरांचं अख्खं म्हणणं एका ओळीत आहे.

वाद_नको

मास्तर सर, एक शंका. वाक्याची सुरुवात बेस्ड ऑनने करू नये असं माझ्या मॅनेजरने सांगितलं. ‘बेस्ड ऑन युअर सॅम्पल, वुई मेड थ्री पीसेस’ हे चूक, ‘ऑन द बेसिस ऑफ युअर सॅम्पल’ लिही म्हणाला. पण मी परदेशी लोकांचे मेल बघतो, ते सर्रास बेस्ड ऑननेच सुरू करतात.

मास्तर_निवृत्त

तुमचा मॅनेजर जुन्या नियमाने चाललाय आणि नियमाला कारण आहे. बेस्ड हे विशेषणासारखं वागतं, ते जवळच्या नामाला चिकटतं. तुमच्या वाक्यात त्याच्या शेजारी ‘वुई’ आलंय, म्हणजे सॅम्पलवर आम्ही बेस झालो असं होतं. ‘थ्री पीसेस बेस्ड ऑन युअर सॅम्पल आर रेडी’ लिहिलं तर प्रश्नच मिटला. आता चांगले इंग्रज लोकही सुरुवातीला बेस्ड ऑन लिहितात आणि कुणी अडत नाही. मी अजून लाल रेघ मारतो, पण तुमचा मेल त्यासाठी अडवणार नाही.

वाद_नको

माझ्या मते सर, लोक वापरतात आणि अर्थ कळतो तर बरोबरच म्हणायला पाहिजे. भाषा तशीच पुढे जाते.

मास्तर_निवृत्त

मेलपुरतं मान्य. परीक्षेत नाही.

टॉवेलवाली

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री जेवणं झाल्यावर हा धागा सासऱ्यांना वाचून दाखवला, इंग्रजी भाग मराठीत सांगत सांगत. उगम आणि आधार हे ऐकल्यावर ते म्हणाले, मग आपल्या मोरवेलीचं काय लिहिशील? मोरवेल म्हणजे आमची सगळ्यात जुनी डिझाइन, मोर आणि त्याच्या शेपटातून निघालेली वेल, चादरीच्या मधोमध.

मी आजेसासऱ्यांना बघितलं नाही. ती डिझाइन त्यांनी काढली हे सगळे सांगतात. सासऱ्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी उतरवली, त्यात आलेखाचा कागद होता, घडीवर फाटलेला, मागून पिवळी पट्टी चिकटवलेली. एकेक चौकोन शिसपेन्सिलने भरलेला. एक चौकोन म्हणजे एक दोरा उचलायचा. मोराच्या मानेशी चौकोन खोडून पुन्हा भरलेत, खोडरबराने कागद तिथे पातळ झालाय, उजेडात धरला तर आरपार दिसतं. त्या कागदावरून पत्ते पाडले, भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते, दोऱ्याने एकमेकांना शिवलेले, आणि ते जॅकार्डवर चढले. सासरे म्हणाले मोर त्यांनी कुठल्या तरी जुन्या लाकडी दरवाजावर बघितला होता, वेल मात्र त्यांच्या मनातली.

मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. मोर ‘वॉज इन्स्पायर्ड बाय’ दरवाजा, कारण तसाच्या तसा उतरवला नाही. आणि आजची चादर ‘इज बेस्ड ऑन’ तो कागद, कारण कागद नसता तर पत्ते नसते आणि पत्ते नसते तर चादर नसती. पण डिझाइन आजेसासऱ्यांची, हे कसं म्हणायचं? ओरिजिनेटेड फ्रॉम माणूस मला आता खटकायला लागलंय.

मास्तर_निवृत्त

फार छान लिहिलंत. माणसाला विथ. ‘द डिझाइन ओरिजिनेटेड विथ माय हजबंड्स ग्रँडफादर’. जागेला इन, माणसाला विथ. आणि त्यांचं नाव त्या डिझाइनला दिलंत तर नेम्ड आफ्टर, जसं आपल्या विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव दिलं.

पंच_कार्ड

पत्त्यांचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. मी कॉम्प्युटरवाला, पण वडील लूमवर होते, लहानपणी त्या पत्त्यांची रद्दी आमच्या खेळण्यात असायची.

जॅकार्ड हे माणसाचं नाव आहे, फ्रान्समधल्या लियाँचा जोसेफ मारी जॅकार्ड, त्याने १८०४ च्या सुमाराला हे यंत्र आणलं, म्हणून ‘द लूम इज नेम्ड आफ्टर जॅकार्ड’. पण भोकाची कल्पना त्याची एकट्याची नाही. १७२५ साली बुशोंने भोकं पाडलेला कागदी पट्टा वापरला, मग फाल्कोंने पट्ट्याऐवजी सुटे पत्ते आणले, मग व्होकान्सोंने आपली भर घातली, आणि जॅकार्डने हे सगळं जुळवून चालणारं यंत्र केलं. म्हणून नाव एकाचं असलं तरी ‘हिज मशीन वॉज बेस्ड ऑन अर्लियर वर्क’ हे वाक्य लिहिलंच पाहिजे, नाहीतर बाकीच्यांवर अन्याय होतो.

आणि पुढचं ऐका. इंग्लंडात बॅबेजने आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी हेच पत्ते घ्यायचं ठरवलं, आणि अमेरिकेत १८९० ची जनगणना हॉलरिथच्या भोकाच्या कार्डांवर मोजली. म्हणून कॉम्प्युटरच्या कार्डांची कल्पना ‘कॅन बी ट्रेस्ड बॅक टू’ विणकामाचे माग. मला ही फ्रेझ फार आवडते, कारण माझ्या वडिलांचं काम आणि माझं काम तिच्यात एका ओळीत येतं. ताई, तो आलेखाचा कागद आणि पत्ते सांभाळा, फेकू नका कुणाला देऊ पण नका.

कडक_भाकरी

फोटो टाका ना ताई कॅटलॉगमध्ये, कागदाचा.

टॉवेलवाली

टाकणार आहे. पहिलं पान असं झालंय, शेवटचं बघून घ्या:

‘वुई कम फ्रॉम अ फॅमिली ऑफ वीव्हर्स इन सोलापूर. द नेम सोलापूर इज पॉप्युलरली सेड टू कम फ्रॉम सोळा, द मराठी वर्ड फॉर सिक्स्टीन, बट इन्स्क्रिप्शन्स ट्रेस इट बॅक टू सोन्नलगे. अवर टॉवेल्स आर मेड एन्टायरली ऑफ कॉटन. द पीकॉक डिझाइन ओरिजिनेटेड विथ माय हजबंड्स ग्रँडफादर अँड इज स्टिल वोव्हन फ्रॉम कार्ड्स बेस्ड ऑन हिज ड्रॉइंग. अवर रेट्स आर बेस्ड ऑन द यार्न प्राइस ऑफ द डे.’

निर्यात_कागदपत्रं

रेटच्या वाक्यात किती दिवस व्हॅलिड ते जोडा, नाहीतर तीन महिन्यांनी जुन्या भावाने मागतील.

मास्तर_निवृत्त

एक अक्षर बदलायचं नाही. ‘वोव्हन फ्रॉम कार्ड्स’ला क्षणभर थांबलो, कारण विणतात सुतापासून, पत्त्यांपासून नाही. पण पत्ते बघून विणतात हे समोरच्याला कळतं. नको वाटलं तर ‘वोव्हन युझिंग कार्ड्स’ करा.

टॉवेलवाली

युझिंग करते सर, एकदा सुतावरून झालंय तेवढं पुरे, परत कुणी पुठ्ठ्याचे टॉवेल का विचारायला नको. व्हॅलिडिटी सात दिवस टाकलीय. त्या जुन्या बायरला पण आजच कळवलं, एन्टायरली ऑफ कॉटन, ब्लेंड नाही, आणि सोबत साडेचारशे जीएसएमचा (चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम वजनाचा) एक पीस कुरिअर केला. सासऱ्यांनी तो स्वतः निवडला, कडेचे दोरे कात्रीने साफ केले आणि मगच पिशवीत घातला. पत्त्यांची थप्पी खाली काढून ठेवलीय, उद्या सकाळी गच्चीवर ऊन आलं की फोटो काढते.